रोजच्या कामाला इम्युटेबल लिनक्स : कुणी वापरतंय का?

कोरीपाटी

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, मी प्रोग्रामर नाही. भाषांतराचं काम करते. दिवसाचे सहा-सात तास लिब्रेऑफिस आणि ब्राउझर, मधूनमधून स्कॅन, प्रिंट, व्हिडिओ कॉल, एवढंच माझं कॉम्प्युटरवरचं जग. आठ वर्षं लिनक्सच वापरतेय आणि ते सोडायचा विचारही नाही. पण मागच्या महिन्यात अपडेट चालू असताना लॅपटॉपची बॅटरी संपली, चार्जरची पिन नीट बसली नव्हती हे लक्षातच आलं नाही, परत चालू केला तर काळी स्क्रीन आणि त्यावर कर्नल पॅनिक, म्हणजे सिस्टीमचा गाभाच सुरू होईना. पेनड्राइव्हवरून बूट करून फाइली वाचवल्या पण दोन दिवस काम बंद, आणि त्याच आठवड्यात एक मजकूर द्यायचा होता.

तेव्हापासून अपडेटची सूचना आली की पोटात गोळा येतो. मी ती पुढे ढकलत राहते, जे चूक आहे हे मलाही कळतं. एका मैत्रिणीने सांगितलं की इम्युटेबल डेस्कटॉप घे, म्हणजे ज्यात सिस्टीमचा गाभा कुलूपबंद असतो, त्यात हा प्रकारच होत नाही. शोधून वाचलं तर सगळं डेव्हलपर लोकांनी डेव्हलपर लोकांसाठी लिहिलेलं. माझा प्रश्न साधा आहे: ज्याला फक्त आपलं काम करायचंय त्याला रोज नेमकं काय अडतं? प्रिंटर, स्कॅनर, देवनागरी टायपिंग, फॉन्ट, पासवर्ड मॅनेजर यांचं काय? निदान सहा महिने वापरलेल्यांचे अनुभव हवेत, आणि वापरून सोडलं असेल तर का सोडलं ते तर हवंच.

रात्रपाळी

सिल्व्हरब्लूवर, म्हणजे फेडोरा लिनक्सच्या इम्युटेबल आवृत्तीवर, तीन वर्षं झाली, म्हणून लिहितो.

तुमच्या बॅटरीपासूनच सुरुवात करू. साध्या डिस्ट्रोत (लिनक्सच्या नेहमीच्या आवृत्तीत) अपडेट म्हणजे चालत्या सिस्टीमच्याच फाइली एकेक करून बदलायच्या. मध्येच लाइट गेली की काही पॅकेजं नवी, काही जुनी, एखादं अर्धवट उलगडलेलं. बूटसाठी लागणारी इनिटरॅमएफएस फाइल अर्धी लिहून राहिली असेल तर तुम्ही पाहिलीत तीच काळी स्क्रीन. ओएसट्रीत, म्हणजे सिल्व्हरब्लूच्या अपडेट यंत्रणेत, नवी सिस्टीम शेजारी स्वतंत्र रचली जाते, तुम्ही ज्या यूएसआरवर (सिस्टीमच्या फाइलींच्या फोल्डरवर) बसून काम करताय त्याला हातही लागत नाही. सगळं रचून झालं की बंद होताना बूटची नोंद बदलते. मध्ये बॅटरी गेली तर पुढच्या वेळी जुनीच सिस्टीम उठते, जणू काही झालंच नाही. नवी आवडली नाही तर ग्रबच्या, म्हणजे चालू होतानाच्या, मेन्यूत खालची नोंद निवडा, कालची सिस्टीम परत.

हे काही कालपरवाचं नाही. सिल्व्हरब्लू हे नाव 2018 चं, त्याआधी ॲटॉमिक वर्कस्टेशन म्हणायचे. केडीई डेस्कटॉपवाला त्याचा भाऊ किनोआइट 2021 मध्ये आला, आणि 2024 पासून फेडोरा या सगळ्या भावंडांना मिळून ॲटॉमिक डेस्कटॉप्स म्हणतं. तुमच्या फोनमध्ये अँड्रॉइड असेल तर तुम्ही साधारण असंच काहीतरी आधीपासून वापरताय.

अडतं काय ते रात्री सविस्तर लिहितो, आत्ता कामावर आहे.

नवशिका

इम्युटेबल म्हणजे वॉलपेपर पण बदलता येत नाही का? खरंच विचारतोय, हसू नका.

अर्धविराम

नवशिका, हसत नाही, नावच फसवं आहे. वॉलपेपर, सेटिंग, फाइली, ॲप सगळं बदलता येतं, कारण होम (तुमच्या फाइली) आणि व्हार (बदलता डेटा) हे लिहिण्यासाठी मोकळेच असतात. ईटीसी, म्हणजे सिस्टीमच्या सेटिंगचं फोल्डर, तेसुद्धा. फक्त यूएसआर, म्हणजे सिस्टीमचा मुख्य गाभा, रीड-ओन्ली असतो. म्हणून ॲटॉमिक हा शब्द मला जास्त बरोबर वाटतो: अपडेट होईल तर पूर्ण, नाहीतर अजिबात नाही.

अवांतर: मराठीत काय म्हणावं? अपरिवर्तनीय म्हटलं की सरकारी जीआर वाचल्यासारखं वाटतं. मी घरी अढळ म्हणतो.

नवशिका

अढळ मस्त. म्हणजे ध्रुवाला मिळालं ते लॅपटॉपला मिळालं :)

सुतळी

मी जरा उलट बाजूने लिहितो. दीड वर्ष वापरून सोडलं.

कोरीपाटीताई, तुम्हाला हवंय काय? अपडेट फसलं तर मागे जायची सोय. ती साध्या डिस्ट्रोतही मिळते. बीटीआरएफएस या फाइल सिस्टीमवर इन्स्टॉल करा, टाइमशिफ्ट किंवा स्नॅपर हे ॲप लावा, अपडेटच्या आधी सिस्टीमची प्रत, म्हणजे स्नॅपशॉट, आपोआप निघतो, बिघडलं तर मागे जा. ओपनसुसेत तर हे वर्षानुवर्षं आहे. ज्या प्रिंटरला आज चालतंय त्याला उद्याही चालेल, ज्या पॅकेजची सवय आहे ते तसंच राहील, फ्लॅटपॅकच्या (सिस्टीमपासून वेगळ्या, बंदिस्त ॲपच्या) परवानग्यांशी झगडायला नको. एका बॅटरीपायी अख्खं घर बदलू नका.

सोडायचं माझं कारण व्हर्च्युअलबॉक्स, लॅपटॉपमध्येच दुसरी सिस्टीम चालवायचं ॲप. त्याला कर्नलला जोडायचा भाग, म्हणजे कर्नल मॉड्यूल, लागतं, आणि दर कर्नलला ते त्या बंद डब्यात बसवणं म्हणजे डोक्याला ताप झाला. गुणी सिस्टीम आहे, पण माझ्या कामाला बसली नाही.

दुपारसावली

मी प्रोग्रामर नाही, आणि माझी आई तर मुळीच नाही. तिचं वय एकाहत्तर. दोन वर्षांपूर्वी तिच्या लॅपटॉपवर ऑरोरा टाकून दिलं, युनिव्हर्सल ब्लूवाल्यांनी फेडोरावरून बनवलेलं केडीईचं इम्युटेबल लिनक्स. अपडेट मागच्या मागे उतरतात, पुढच्या वेळी ती लॅपटॉप चालू करते तेव्हा नवी सिस्टीम असते, आणि हे तिला माहीतही नाही. आधी दर दोन महिन्यांनी फोन यायचा, "अगं काहीतरी विचारतंय, हो म्हणू का नाही म्हणू?" आता फोन येतो तो गप्पांसाठी.

एकदाच अडलं. पेनड्राइव्हवरचे फोटो एका ॲपला दिसेनात. फ्लॅटपॅक ॲप कुंपणात असतं, त्याला जेवढं दाखवाल तेवढंच दिसतं. फ्लॅटसील नावाचं छोटं ॲप आहे, त्यात त्या फोल्डरची परवानगी दिली आणि झालं. पण हे आईला स्वतःहून कधीच सापडलं नसतं, हेही तितकंच खरं.

गोणपाट

जागेचं कुणी बोलत नाही. फ्लॅटपॅकचं एक कॅल्क्युलेटर टाकायला गेलो तर शेकडो एमबीचा रनटाइम (ॲपला लागणाऱ्या सामायिक फाइली) उतरवला. शिवाय दोन-दोन सिस्टीम डिस्कवर. माझ्याकडे 128 जीबीचीच एसएसडी आहे.

रात्रपाळी

गोणपाट, पहिलं ॲप महाग पडतं, पुढची स्वस्त. रनटाइम एकदा आला की त्यावरची सगळी ॲप तोच वापरतात. आणि दोन सिस्टीम म्हणजे दुप्पट जागा नव्हे, दोघींत सारख्या असलेल्या फाइली डिस्कवर एकदाच असतात, फक्त बदललेल्या वेगळ्या ठेवल्या जातात. तरी 128 मध्ये लक्ष ठेवावं लागेल. अधूनमधून फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल आणि पुढे अनयूज्ड असं चालवा, ज्या जुन्या रनटाइमना आता कुणी वाली नाही ते निघून जातात.

आता अडतं काय ते. माझ्या अनुभवात गाभा कधीच त्रास देत नाही, त्रास सगळा काठावर होतो. ॲप तीन जागांहून येऊ शकतं: फ्लॅटपॅक, कंटेनर (सिस्टीमपासून वेगळा बंद डबा), आणि लेअरिंग, म्हणजे आरपीएम-ओएसट्रीने पॅकेज थेट सिस्टीमवर चढवणं. साध्या माणसाने नव्वद टक्के वेळा पहिल्यावरच राहावं. लेअरिंग चालतं, पण प्रत्येक अपडेटला ते थर परत चढवावे लागतात, म्हणून वेळ लागतो आणि रीस्टार्ट मागतं. आणि बाहेरच्या रेपोतलं (पॅकेजांच्या कोठारातलं) पॅकेज नव्या सिस्टीमशी जुळलं नाही तर अपडेट होतच नाही. मोडत नाही, जागीच थांबतं. ऐकायला बरं वाटतं, पण पाहिलं नाही तर तुम्ही महिनाभर सुरक्षा अपडेटशिवाय बसलेले असता आणि पत्ता नसतो. माझं एकदा सहा आठवडे झालं होतं, व्हिडिओ कोडेकच्या (व्हिडिओ उलगडणाऱ्या पॅकेजच्या) एका थरापायी. तेव्हापासून थर तीनच ठेवलेत, आणि कोडेकसाठी ब्राउझर फ्लॅटहबवरचा (फ्लॅटपॅकच्या भांडारातला) घेतला, त्यात कोडेक येतातच.

सुतळी, व्हर्च्युअलबॉक्सबद्दल शंभर टक्के सहमत. ज्याला कर्नल मॉड्यूल रोज लागतं त्याने इकडे येऊ नये, किंवा कर्नलमध्येच असलेल्या केव्हीएमवर चालणारं बॉक्सेस वापरावं.

पण स्नॅपशॉटच्या मुद्द्याला मात्र असहमत. स्नॅपशॉट बिघडल्यावर मागे नेतो. इथे अर्धवट अवस्था जन्मालाच येत नाही. शिवाय तुमच्या आठ वर्षं जुन्या इन्स्टॉलमध्ये काय काय साठलंय हे तुम्हालाही आठवत नसेल. माझ्या सिस्टीमचा गाभा आज कुणी नव्याने टाकलेल्या मशीनसारखाच आहे, वर काय चढवलंय ते आरपीएम-ओएसट्री स्टेटस या आज्ञेत तीन ओळींत दिसतं.

सुतळी

मुद्दा मान्य, "काय काय साठलंय" याला माझ्याकडे उत्तर नाही. पण ताईंच्या जागी असतो तर हेही विचारलं असतं की साठलेलं काढायला आठ वर्षांत कधी गरज पडली का? बहुतेक घरांत नाही पडत.

खिळेमोळे

प्रिंटरवर लिहितो, कारण माझे तीन रविवार त्यात गेलेत.

नेटवर्कवरचा नवीन प्रिंटर असेल तर काही करावं लागत नाही, आयपीपी एव्हरीव्हेअर या सामायिक पद्धतीने ड्रायव्हरशिवाय चालतो, सिस्टीम कुठलीही असो. गोची होते जुन्या यूएसबी प्रिंटर-स्कॅनरची, ज्याला कंपनीचंच ड्रायव्हर लागतं. ते स्क्रिप्ट म्हणून येत असेल तर यूएसआरमध्ये लिहायला जातं आणि तिथेच आपटतं. आरपीएम पॅकेज म्हणून मिळत असेल तर लेअर करा, बहुतेकदा बसतं. म्हणून कुणीही हलायच्या आधी एवढं करा: फेडोरा वर्कस्टेशनच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (काही इन्स्टॉल न करता) बूट करा, प्रिंटर जोडा, एक पान छापून बघा.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही आणि मला ठेच लागून कळली. अपडेट झालं, त्यानंतर मी प्रिंटर जोडला, छान चालला. आठवड्याने दुसऱ्याच कारणाने मागच्या सिस्टीमवर गेलो तर प्रिंटर गायब. नवीन वायफायचा पासवर्ड गायब. माझा लॉगिनचा पासवर्ड मध्ये बदलला होता, तो परत जुना! अर्धा तास मी चुकीचा पासवर्ड टाकत बसलो. कारण असं की प्रत्येक सिस्टीमसोबत तिची स्वतःची ईटीसी असते, पुढे जाताना तुमचे बदल नव्यात मिसळले जातात, पण मागे जाताना मिसळले जात नाहीत. जुनी ईटीसी जशी होती तशी समोर येते. प्रिंटरची यादी, वायफाय, पासवर्ड हे सगळं ईटीसीत राहतं.

कोरीपाटी

बाप रे. पासवर्डचं वाचून अंगावर काटा आला. पण हे आधी माहीत असलं तर घाबरायला होणार नाही. खूप आभार.

अर्धविराम

खिळेमोळे यांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला.

त्याच धाग्याला धरून एक कळकळीची विनंती. मागे जाता येतं म्हणून बॅकअप घेणं सोडू नका. मागे जाते ती सिस्टीम, तुमचं होम नाही. चुकून पुसलेली फाइल रोलबॅकने परत येत नाही, डिस्क मेली तर दोन्ही सिस्टीम एकदमच जातात. उलट कधीकधी होम पुढे गेलेलं असतं आणि सिस्टीम मागे: सिस्टीमसोबत आलेला फायरफॉक्स मागच्या आवृत्तीला गेला की नव्या आवृत्तीने उघडलेलं प्रोफाइल उघडायला नकार देतो. माझ्या ओळखीच्या एकाने वर्षभर बॅकअप घेतला नाही, "आता गरज काय" म्हणून, आणि त्याचे मुलीचे दोन वर्षांचे फोटो गेले. मला त्याचं अजून वाईट वाटतं, कारण अढळ सिस्टीम घ्यायचा सल्ला मीच दिला होता.

निळीशाई

कुणी निक्सओएस या दुसऱ्या अशाच लिनक्सचं नाव काढलं नाही म्हणून आलो. तिथे अख्खी सिस्टीम एका फाइलीत लिहिलेली असते: कुठली ॲप, कुठला फॉन्ट, कुठला प्रिंटर. फाइल बदला, रीबिल्ड करा, नवी जनरेशन तयार, जुन्या सगळ्या बूट मेन्यूत शाबूत. खिळेमोळे यांची अडचण तिथे बरीचशी येतच नाही, कारण प्रिंटरही त्याच फाइलीत लिहून ठेवता येतो. नवा लॅपटॉप घेतला तेव्हा ती एक फाइल नेली आणि तासाभरात जुन्याची जुळी बहीण उभी राहिली. मला आजही त्याचं अप्रूप वाटतं.

पण कोरीपाटींना मी सुचवणार नाही. ती फाइल लिहायची भाषा शिकावी लागते, आणि इंटरनेटवरून उतरवलेला तयार प्रोग्राम तिथे सहसा सरळ चालत नाही, कारण नेहमीच्या जागी नेहमीच्या लायब्ररी नसतात.

खेळगडी

माझा अनुभव स्टीम डेकवरचा, म्हणजे व्हॉल्व्हच्या हातातल्या गेमिंग मशीनवरचा. 2022 साली घेतला तेव्हा इम्युटेबल हा शब्दही ऐकला नव्हता. डेस्कटॉप मोडमध्ये कीबोर्ड, माउस, मॉनिटर जोडून सहा महिने तेच माझं रोजचं मशीन होतं, कॉलेजचे प्रोजेक्ट त्यावर केले. त्यात ए आणि बी अशा दोन रूट पार्टिशन असतात, एकावर चालू, दुसऱ्यावर नवं. रीड-ओन्ली काढून पॅकमन या पॅकेज साधनाने काही टाकता येतं पण पुढच्या अपडेटला ते पुसलं जातं, रचनाच तशी आहे. ते कळलं की माणूस आपसूक फ्लॅटपॅकला लागतो. आता पीसीवर बॅझाइट आहे, युनिव्हर्सल ब्लूचंच गेमिंगवालं, एनव्हिडिआचं ड्रायव्हर तयार इमेजमध्येच असलेलं. पूर्वी दर कर्नलला स्क्रीन काळी होते का बघत बसायचो, ते गेलं.

वाटसरू

पासवर्ड मॅनेजरचं विचारलंय त्याचं उत्तर राहिलं. ब्राउझर एक्स्टेन्शन स्वतःच सगळं करणारा असेल, बिटवॉर्डनसारखा, तर काहीच अडत नाही. कीपासएक्ससी असेल तर मात्र ब्राउझर आणि ॲप एकमेकांशी बोलतात, आणि दोघंही फ्लॅटपॅकच्या आपापल्या कुंपणात असले की बोलणं होत नाही. उपाय आहेत पण ते किडुकमिडुक आहेत. मी सिस्टीमसोबत आलेला फायरफॉक्स ठेवला आणि कीपासएक्ससी लेअर केलं. एवढा एकच थर माझ्याकडे आहे.

फॉन्टचं सोपं आहे. होममध्ये डॉट लोकल, शेअर, फॉन्ट्स असं फोल्डर करून त्यात टाका, फ्लॅटपॅक ॲपनाही दिसतात.

रात्रपाळी

वाटसरूंना +१. देवनागरीचं मी सांगतो: सेटिंगमध्ये कीबोर्ड, इनपुट सोर्स, मराठी. इन्स्क्रिप्ट असेल तर लगेच काम सुरू. फोनेटिकची सवय असेल तर मराठी कगप नावाचा लेआउट सिस्टीममध्ये आधीपासून असतो, काही उतरवावं लागत नाही.

गोणपाट

ते अनयूज्डवालं चालवलं. 9 जीबी मोकळे झाले. जुन्या रनटाइमचा ढीग होता नुसता. माझी तक्रार निम्मी मागे घेतो, निम्मी अजून आहे.

सुतळी

गोणपाट, उरलेली निम्मी माझ्याकडे जमा करा, सांभाळून ठेवतो.

कोरीपाटी

पाच आठवड्यांनी परत आले. धागा वर काढतेय, माफ करा, पण इतक्या लोकांनी वेळ काढून लिहिलं तर काय झालं ते सांगायलाच हवं.

सिल्व्हरब्लू टाकलं. खिळेमोळे यांनी सांगितलं तसं आधी लाइव्हवर बघितलं. प्रिंटर लगेच छापायला लागला, स्कॅनर नाही. त्याचं ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर आधी स्क्रिप्टच मिळालं, ते चाललं नाही, मग खोल खणल्यावर त्याच पानावर आरपीएम सापडलं. ते लेअर केलं, रीस्टार्ट केलं, स्कॅनर चालू. यात एक अख्खी संध्याकाळ गेली आणि मध्ये एकदा रडू यायचं बाकी होतं.

टायपिंग आणि फॉन्ट पहिल्या दिवशीच झाले. लिब्रेऑफिस फ्लॅटपॅकचं आहे. त्याला माझी जुनी शब्दसूची दिसत नव्हती कारण ती दुसऱ्या डिस्कवर होती, दुपारसावली यांचं फ्लॅटसील आठवलं. रोजच्या कामात आता असं काही जाणवत नाही की मी वेगळ्या सिस्टीमवर आहे. सुतळी, तुमचा स्नॅपशॉटचा सल्ला मी खूप विचार करून बाजूला ठेवला. मागे जाता येण्यापेक्षा अपडेटच्या वेळी भीती न वाटणं मला जास्त हवं होतं.

आणि ती भीती जाईना. सगळं वाचलं, समजलं, तरी अपडेट दिसलं की हात थांबायचा. म्हणून परवा रात्री पूर्ण बॅकअप घेतला, काम सगळं देऊन झालं होतं, अपडेट सुरू केलं आणि अर्ध्यात आल्यावर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरलं. लॅपटॉप मेला. छाती धडधडत होती. परत चालू केला. ग्रब, लॉगिन, डेस्कटॉप. जुनी सिस्टीम, स्टेटसमध्ये जुनीच तारीख. अपडेट परत लावलं, या वेळी पूर्ण होऊ दिलं, तेही झालं. काल सकाळी सूचना आली तेव्हा मी लगेच अपडेटचं बटण दाबलं आणि काम करत राहिले.

दुपारसावली

ताई, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं.

खिळेमोळे

तुमचा स्कॅनर चालू झाला यातच माझ्या तीन रविवारांचं सार्थक झालं.

सुतळी

मुद्दाम बटण दाबलंत! माझ्यात नसती झाली हिंमत. माझं मत माझ्यापुरतं कायम आहे, पण तुमच्यासाठी तुम्ही बरोबर निवडलंत.

रात्रपाळी

दंडवत. पण हा प्रयोग परत करू नका, सिस्टीम वाचते तरी त्या क्षणी उघडी असलेली तुमची फाइल वाचेल याची खात्री नसते.

एक शेवटचं काम करून ठेवा. आत्ताची सिस्टीम, स्कॅनर चालू असलेली, पिन करा, म्हणजे पुढे कितीही अपडेट आले तरी ती मेन्यूतून जाणार नाही. आधी आरपीएम-ओएसट्री स्टेटस बघा. ज्या नोंदीपुढे ठळक टिंब आहे ती चालू असलेली. सगळ्यात वर असेल तर तिचा क्रमांक शून्य, एखादं अपडेट रीस्टार्टची वाट बघत असेल तर ती एकवर असते. मग सुडो ओएसट्री ॲडमिन पिन आणि तो क्रमांक.

कोरीपाटी

टिंब दुसऱ्या ओळीपुढे होतं, म्हणून एक टाकलं. आता तिच्याखाली पिन्ड : येस असं दिसतंय.

रात्रपाळी

झालं मग.